गुत्त्याचें माप कोणाच्या हातीं?

मद्यगृहाविषयीं बोलणें निघालें कीं दोन तऱ्हेचीं माणसें भेटतात. एक म्हणतो, दिवसभराच्या कष्टानंतर तेथें चार माणसांत बसावयास मिळतें आणि मन हलकें होतें. दुसरा म्हणतो, तेथें गेलों आणि गांठचा पैसा, शरीराचें बळ व घरची शांति गमावून आलों. दोघेहि खोटें बोलत नाहींत. दोघे एकाच दुकानाचे गिऱ्हाईक असूं शकतात; किंबहुना एकाच माणसाचे हे दोन दिवसांचे दोन अनुभव असूं शकतात. हा भेद कशामुळें पडतो, याचा विचार आज नंदुरबार जिल्ह्यांतील अक्कलकुवा तालुक्याच्या उदाहरणानें करावयाचा आहे. ताडून पाहण्यासाठीं दूरच्या स्कॉटलंड देशांतील मद्यगृहेंहि मी बरोबर घेणार आहें. कारण तेथील लोकांनींहि हाच प्रश्न सोडवून पाहिला.

अक्कलकुवा हें सातपुड्याच्या पायथ्याशीं, गुजराथच्या सीमेलगत वसलेलें गांव. तालुक्यांत मुख्य वस्ती भिल्ल व पावरा लोकांची. उन्हाळा लागतां लागतां या मुलखांत मोह फुलतो. पहांटे झाडाखालीं गळलेलीं रसाळ फुलें वेंचून वाळवितात. तीं अडचणीच्या दिवसांत पोटाला आधार देतात, आणि भिजवून, आंबवून, हंड्यांत चढविलीं म्हणजे त्यांची दारू होते. ती प्रथम देवाला व पूर्वजांना वहावयाची, धरतीवर धार सोडावयाची, मग पाहुण्याला द्यावयाची, अशी रीत आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास देवमोगरा मातेच्या यात्रेंत भाविक हीच दारू अर्पण करतात. काठी येथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. तशा सणांतहि तिला मान असतो.

या रीतींत यजमान आहे, पाहुणा आहे. गिऱ्हाईक मात्र कोणी नाहीं. तेथें कोणी अतिरेक करीत नसे, असें मला म्हणावयाचें नाहीं. परंतु सांठविलेलीं फुलें, सणाचा दिवस आणि वडीलधाऱ्यांची नजर एवढ्या तीन गोष्टींनीं आपोआप मर्यादा पडे. शिवाय हंडा घरांत असल्यामुळें त्यावर घरच्या बाईचाहि अधिकार चाले.

१८७८ सालीं मुंबई इलाख्यांत अबकारी कायदा झाला आणि हें चित्र पालटलें. दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क सरकारी परवान्याखालीं मक्तेदारांकडे गेला. घरचा हंडा हा गुन्हा ठरला. जी वस्तु अंगणांतील झाडापासून होई, ती आतां कर भरलेल्या भावानें दुकानांतून विकत घ्यावी लागे. पाहुण्याचा गिऱ्हाईक झाला तो येथें. यजमानाला पाहुण्याची शुद्ध राहावी असें वाटतें. दुकानदाराला माल खपावा असें वाटतें. रोख पैसा नसला तर उधारी मिळे, आणि तिची फेड धान्यानें किंवा मजुरीनें होई. अबकारीचें उत्पन्न हा इलाख्याच्या तिजोरीचा एक मोठा आधार असल्यामुळें, गुत्ता भरभराटीस यावा यांत सरकारचेंहि हित गुंतलें.

या व्यवहाराचा कडूपणा आदिवासींनींच प्रथम ओळखला. १९२२ सालीं किनाऱ्याकडून निघालेली देवीची चळवळ दक्षिण गुजराथ व खानदेशच्या आदिवासी मुलखांत पसरली. अंगांत आलेल्या माणसाच्या तोंडून आज्ञा येई कीं, दारूताडी सोडा, रोज स्नान करा. पुढें अक्कलकुव्याला लागूनच असलेल्या तळोदे भागांत गुलाम महाराज या भिल्ल सत्पुरुषांनीं मद्यत्यागाचा उपदेश केला. आरतीला हजारों लोक जमूं लागले आणि एकमेकांना 'आप' म्हणून मानानें हांक मारूं लागले. १९३८ सालीं ते निवर्तले. तरी त्यांचे अनुयायी आजहि मद्य वर्ज्य मानतात. येथें दारूबरोबर आणखी एक गोष्ट सुटली, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. गुत्त्यापुढें मान खालीं घालण्याची संवय सुटली.

आतां स्कॉटलंडकडे वळूं. तेथील मद्यगृह म्हणजे धगधगती शेकोटी, व्हिस्कीचा लहानसा पेला आणि शेजाऱ्यांच्या गप्पा. थंड, ओलसर हवेंत खाणींतून वर आलेल्या मजुराला ही ऊब खरीच हवीशी वाटे. परंतु ती बहुतेक पुरुषांपुरतीच होती. स्त्रियांना अनेक ठिकाणीं विसाव्या शतकांतहि दीर्घकाळ मज्जाव असे. १८५३ च्या कायद्यानें तेथें मद्यगृहें रविवारीं व रोज रात्रीं अकरानंतर बंद ठेवण्याचें बंधन आलें. १९१३ च्या कायद्यानें त्यापुढचें पाऊल टाकलें: आपल्या भागांत परवाने असावेत कीं नसावेत, हें मतदारांनींच ठरवावें. विक या उत्तरेकडील बंदरानें १९२२ पासून १९४७ पर्यंत परवाने बंद ठेवले. चोरटी विक्री तेथें झालीच. तरी उघडणें आणि मिटणें हीं दोन्हीं दारें गांवाच्याच हातीं राहिलीं.

याहून निराळा प्रयोग कांहीं खाणगांवांनीं केला. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहराच्या धर्तीवर त्यांनीं सार्वजनिक मालकीचीं मद्यगृहें काढलीं. भागीदारांना नफा शेंकडा पांचपर्यंतच. उरलेला पैसा वाचनालय, बाग, रुग्णसेवा अशा गांवच्या कामांना. पिण्यास उत्तेजन मिळूं नये म्हणून सजावट मुद्दाम साधी ठेवीत. न्यूटनग्रेंज येथें १८९९ सालीं निघालेलें 'डीन टॅव्हर्न' हें त्यांपैकीं एक आजहि चालू आहे. अशा घरांत करमणूक कमी, असें म्हणणारे गिऱ्हाईक असणारच. पण त्यानें टाकलेल्या पैशाचा कांहीं भाग त्याच्याच मुलांकडे पुस्तकाच्या रूपानें परत येई.

असाच अधिकार आपल्याकडेहि आहे. महाराष्ट्रांत २००८ च्या आदेशानुसार गांवांतील निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनीं 'आडव्या बाटली'ला मत दिलें तर दुकान बंद होतें. अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रांत असल्यामुळें १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणें मादक पदार्थांची विक्री बंद करण्याचा वा तिचें नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेलाहि देण्यांत आला आहे. सीमेपलीकडे गुजराथेंत दारूबंदी असतांना आपल्या बाजूस काय चालावें, हें ठरविण्यांत गांवाचा शब्द असणें येथें विशेष महत्त्वाचें आहे.

मद्यगृहाचा अनुभव गोड कीं कडू, हें केवळ पेल्यांतील द्रव्यावर ठरत नाहीं; माप कोणाच्या हातीं आणि नफा कोणाच्या घरीं, यावरहि तें अवलंबून असतें. आणि अनुभव विचारावयाचाच असेल तर केवळ बाकावर बसलेल्याला विचारून भागणार नाहीं. जी त्या उंबऱ्याच्या आंत कधीं पाऊल टाकीत नाहीं, पण बाजारच्या दिवशीं मिठामिरचीचे पैसे घरीं येतील कीं नाहीं म्हणून वाटेकडे डोळे लावून बसते, तिची साक्ष प्रथम घेतली पाहिजे. गांवानें गुत्ता ठेवावा कीं मोडावा हा निर्णय गांवाचा. परंतु तो निर्णय तिला वगळून झाला, तर तो गांवाचा निर्णय नव्हे.