फेस कमी आला म्हणून काय झाले?

सल्फेटच्या शाम्पूने टाळू कोरडी पडते, खाज सुटते, अशी तक्रार असणाऱ्यांनी रिठा वापरून पाहावा. रिठ्याच्या सालीतील सॅपोनिन पाण्यात फेस करते व तेलकट मळ सुटा करते. 5-6 रिठ्यांच्या बिया काढून साली रात्री भिजत घालाव्यात. सकाळी उकळून, कुस्करून फडक्यातून गाळावे. डोक्याला तेल असेल तर पहिल्या हाताला फेस जेमतेमच येतो. तो दोष रिठ्याचा नव्हे.

मात्र हे पाणी टिकत नाही. बाटली भरून आठवडाभर न्हाणीघरात ठेवण्याची हौस अनेकींना असते. त्यात जंतू वाढतात. लागेल तेवढेच करावे. आंबूस वास आला की मोरीत ओतावे.

रिठा डोळ्यांत भयंकर झोंबतो, त्यामुळे 'नैसर्गिक' म्हणून तान्ह्या बाळाला लावू नये. डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याने 15 मिनिटे धुवावे. लाली राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे.