समुद्रावरील संध्याकाळचा पोशाख

भर समुद्रातून चाललेल्या पर्यटन-जहाजावर उतारूंना रोजच्या कार्यक्रमाची पत्रिका मिळते. तीत भोजनाच्या वेळा, गाण्याचे कार्यक्रम यांच्या जोडीने एखाद्या दिवशी एवढेच लिहिलेले असते, की आजची संध्याकाळ 'फॉर्मल' आहे. प्रथमच प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पोटात या एका ओळीने गोळा उठतो. आपल्या पेटीतले कपडे चालतील का, की चारचौघांत आपले हसे होईल?

या शब्दाचा अर्थ तसा सोपा आहे. पुरुषांनी काळे डिनर जॅकेट व गळ्याशी 'बो', नाही तर निदान गडद रंगाचा सूट व टाय घालावा, आणि स्त्रियांनी पायघोळ झगा किंवा तशाच तोलामोलाचा पोशाख करावा, अशी ही अपेक्षा असते. सात रात्रींच्या सफरीत अशा संध्याकाळी बहुधा एक किंवा दोन असतात, आणि त्या सहसा जहाज बंदरात न थांबता दिवसभर समुद्रावर असते तेव्हा योजतात.

ही चाल आली ती जुन्या प्रवासी आगबोटींवरून. त्या बोटींच्या पहिल्या वर्गात रात्रीच्या जेवणाला पोशाख करूनच बसण्याचा रिवाज होता. मात्र प्रवासाच्या पहिल्या व शेवटच्या रात्री त्यातून सूट असे. पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत, हे त्याचे साधे कारण. म्हणजे कडक वाटणारा हा नियमही सोयीपुढे वाकत होता.

उन्हापुढे तर तो अधिकच वाकला. तांबड्या समुद्रातील उकाड्यात कोट अंगावर ठेवणे अशक्य झाले, तेव्हा कोट काढून पांढरा सदरा, काळी विजार आणि कमरेला रुंद पट्टा एवढाच वेष शिष्टसंमत ठरला. तो पट्टा हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांनी येथूनच उचलला होता. इंग्रजीत त्याला 'कमरबंड' म्हणतात. तो मूळचा आपल्या ओळखीचा फारसी 'कमरबंद' होय. साहेबी पोशाखाचा नमुना म्हणून जो मिरवला जातो, त्याची कंबर अशी पूर्वेच्या शब्दाने बांधलेली आहे!

परंतु या रिवाजाला दुसरीही बाजू होती. वर्गावर्गांची भोजनगृहे वेगळी असत, आणि पोशाख हे त्यांच्यामधले न दिसणारे कुंपण होते. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर वाढप्याचे काम करणारे पुष्कळसे गोमंतकीय असत. दोन सफरींच्या मधल्या काळात मुंबईतील आपापल्या गावच्या 'कुडां'मध्ये ते राहत. टेबलाशी बसणारा व त्याला वाढणारा, दोघेही ठरलेल्या वेषात असत. एकाचा वेष नोकरीने ठरवलेला, दुसऱ्याचा प्रतिष्ठेने.

या प्रतिष्ठेचा जाच किती होतो, हे महात्मा गांधींच्या आत्मकथेत दिसते. १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी निघालेल्या या तरुणाला काटे-चमचे वापरता येत नव्हते. म्हणून तो बहुतेक वेळा खोलीतच बरोबरचे पदार्थ खाई. बोटीवर काळा सूट वापरून त्याने पांढरे कपडे उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवले होते. सप्टेंबरच्या अखेरीस इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाऊल टाकताना तसा पांढरा वेष केलेले आपण एकटेच आहोत असे त्याला दिसले, आणि तो शरमून गेला. १९३१ साली तेच गांधी 'राजपुताना' बोटीने गोलमेज परिषदेस गेले, ते पंचा आणि शाल या स्वतःच्या वेषात. त्रेचाळीस वर्षांत समुद्र बदलला नव्हता; कपड्यांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलली होती.

आज हा नियम पुष्कळ सैल झाला आहे. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने ठरावीक वेळ व सक्तीचा पोशाख यांना फाटा देणारी पद्धत सुरू केली. क्यूनार्डसारख्या जुन्या कंपन्यांनी समारंभाच्या संध्याकाळी कायम ठेवल्या आहेत. पण ज्याला नटायचे नसेल त्याला जहाजावरील दुसऱ्या भोजनगृहात साध्या कपड्यांनी जेवता येते. शिवाय अनेक ठिकाणी आपापल्या देशाचा समारंभी पोशाखही मान्य असतो. तेव्हा आपल्याकडील स्त्रीने लग्नकार्यातली रेशमी साडी आणि पुरुषाने बंद गळ्याचा कोट बरोबर घ्यावा. उसन्या झग्याची किंवा भाड्याच्या कोटाची गरज सहसा पडत नाही. निघण्यापूर्वी कंपनीचे नियम मात्र वाचून घ्यावेत.

समारंभाला चांगले कपडे घालणे यात गैर काही नाही. सणासुदीला आपणही घालतोच. सर्वांच्या आनंदात भर पडावी म्हणून केलेला पोशाख शोभतो. पण त्याच पोशाखाने शेजारच्या माणसाला मान खाली घालावी लागली, तर त्यातली सगळी शोभा गेलीच म्हणून समजावे.