फळाचे नाव, बाटलीतील वास्तव

तासगावची द्राक्षे व महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ही सांगली आणि सातारा जिल्ह्यांची भूषणे होत. फळांचा रस यीस्टच्या साहाय्याने आंबविला म्हणजे वाइन तयार होते. पाणी, साखर, रंग व कृत्रिम सुगंध यांत मद्यार्क मिसळून बाटलीवर फळाचे चित्र चिकटविणे ही मात्र निव्वळ फसवणूक होय. त्यात मिथेनॉल असल्यास दृष्टी व प्राण दोन्ही धोक्यात येतात. २०१५ साली मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभरांहून अधिक बळी घेतले.

विनापरवाना निर्मिती व विक्री यांवर राज्य उत्पादन शुल्क विभाग कारवाई करतो, तर भेसळीचा तपास अन्न व औषध प्रशासनाकडे असतो. नमुन्याचे चार भाग करून एक विश्लेषकाकडे पाठविला जातो. उर्वरित भागांमुळे उत्पादकासही फेरतपासणीची संधी राहते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये खोट्या लेबलाबद्दल तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण, परवाना क्रमांक वा वैधानिक इशारा नसल्यास पंचायत सदस्यांनी ती बाब संबंधित कार्यालयास त्वरित कळवावी. त्यायोगे ग्राहकाचे प्राण वाचतील आणि प्रामाणिक बागायतदाराची पतही राखली जाईल.