डायलिसिसचे वार सोडून

नाशिकरोडच्या मध्यवर्ती तुरुंगात १९३२ साली जयप्रकाश नारायण (जेपी) कैदी होते. दोन वर्षांनी स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथल्याच चर्चांतून आली. नोव्हेंबर १९७५मध्ये, आणीबाणीच्या कैदेतून सुटल्यावर, मुंबईच्या जसलोक रुग्णालयात कळलं की त्यांच्या किडन्या निकामी झाल्यात. वय ७३. पुढची जवळजवळ चार वर्षं ते डायलिसिसवर होते आणि त्याच काळात त्यांनी विखुरलेल्या विरोधकांना एकत्र आणून जनता पक्ष उभा केला.

आज ‘क्रिएटिनिन वाढलंय’ एवढं ऐकलं की घरातले हबकतात. पण डायलिसिसचा विचार साधारण जीएफआर, म्हणजे किडन्यांचा रक्त गाळण्याचा वेग, १५च्या खाली गेल्यावर, तब्येत बघून होतो. रक्तदाब आणि साखर काबूत ठेवली, अंगदुखीवर मेडिकलमधून मनानं गोळ्या आणणं सोडलं, तर अनेकांवर ती वेळ येतच नाही.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यातच मिसळीवरची शेव, पापड, लोणचंही आलं. ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात पोटॅशियम असतं. रक्तात पोटॅशियम वाढलेलं असेल तर नाशिकची द्राक्षं मोजून चालू शकतात, मनुका मात्र नकोत, कारण सुकवल्यावर मूठभरात कितीतरी द्राक्षं मावतात. बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं. रस्सा त्याचा करायचा नाही!

डायलिसिस लागलंच, तर हातावर धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. त्या हाताला ना बीपीचा पट्टा, ना सलाईनची सुई, ना घट्ट बांगडी. थरथर लागेनाशी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

जेपींच्या मशीनसाठी लोकांनी वर्गणी काढली होती. आता महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. नाशिकमध्ये शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयातही त्याची सोय आहे. एका वेळेला साधारण चार तास, आठवड्यातून दोनदा-तीनदा. बाकीच्या दिवशी दुकान, शाळा, शेत सांभाळणारे कितीतरी आहेत.

आणि पुण्याला भाचीचं लग्न असेल तर जरूर जावं. तिथल्या केंद्रात आधी फोन करून वेळ ठरवायची. पिशवीत हिपॅटायटिस आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, मागच्या डायलिसिसचा कागद आणि गोळ्यांची यादी.