सामू-मापकाची निगा

प्रवरेच्या कालव्यांनी आपल्या जिल्ह्यात उसाची समृद्धी आणली. मात्र अतिरिक्त पाणी व अपुरा निचरा यांमुळे काही जमिनी क्षारपड, चोपण झाल्या. अशा मातीची परीक्षा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात होते. तिची प्राथमिक ओळख शालेय प्रयोगशाळेतही होऊ शकते. सामू ८.५ च्या वर गेला, की चोपणपणाची शंका घ्यावी.

सामू-मापकाचा काचेचा इलेक्ट्रोड नाजूक असतो. २५ अंश सेल्सिअसला सामूच्या एका अंकामागे त्याचा विद्युतदाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. त्यामुळे लहानसा दोषही आकडा बिघडवतो. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना हा क्रम शिकवतो: हात कोरडे असावेत, जोडणी अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच करावी. प्रथम ७ आणि नंतर ९.२ सामूच्या प्रमाण द्रावणाने यंत्र पडताळावे. प्रत्येक वेळी इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्याने धुवावा, मऊ कागदाने टिपावा, घासू नये. काम संपल्यावर तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावा. डिस्टिल्ड पाण्यात ठेवल्यास त्यातील क्षार झिरपून जातात.

चुकीच्या आकड्यावर विसंबून एखादा शेतकरी विनाकारण जिप्सम विकत घेईल. म्हणून पडताळणीवाचून घेतलेली नोंद आम्ही नोंद मानीत नाही.