दिलेली माहिती पुरेशी आहे का?

‘एका शेताच्या चारही बाजू प्रत्येकी २५ मीटर आहेत, तर त्याचे क्षेत्रफळ किती?’ असा प्रश्न वर्गात विचारला, तर बहुतेक विद्यार्थी ६२५ चौरस मीटर असे उत्तर देतील. पण शेताचे कोपरे काटकोनात आहेत, असे आपण कोठे सांगितले? शेताचा आकार समभुज चौकोनाचाही असू शकेल. समभुज चौकोनाचे क्षेत्रफळ कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. कर्ण ४० व ३० मीटर असतील, तर ते ६०० चौ. मी. येते, कर्ण ४८ व १४ मीटर असतील, तर अवघे ३३६. परिमिती मात्र तिन्ही वेळा १०० मीटरच! एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौ. मी. तेव्हा नुसत्या बाजू मोजून व्यवहार करणारा सव्वातीन गुंठे जमिनीसाठी सहा गुंठ्यांचे पैसे मोजून बसेल.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मधील ‘लीलावती’त हाच मुद्दा मांडला आहे. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याची, आणि ते सांगणाऱ्याचीही, त्यांनी चांगलीच हजेरी घेतली आहे. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की आकार पक्का होतो. चौकोनाचे तसे नाही. म्हणूनच शेताचा एक कर्णही मोजावा. त्याने दोन त्रिकोण पडतात आणि क्षेत्रफळ निश्चित होते.

उलट, काही वेळा अपुरी वाटणारी माहिती पुरेशी असते. आयताची परिमिती ३४ सें.मी. व कर्ण १३ सें.मी. आहे. लांबी व रुंदी यांची बेरीज १७, तिचा वर्ग २८९. पायथागोरसच्या सिद्धान्तानुसार लांबी व रुंदी यांच्या वर्गांची बेरीज १६९. या दोहोंतील फरक १२० म्हणजे क्षेत्रफळाची दुप्पट. म्हणून क्षेत्रफळ ६० चौ. सें.मी. लांबी-रुंदी वेगवेगळी काढावीच लागली नाही.

माहिती अपुरी आहे हे सिद्ध कसे करावे? दिलेल्या सर्व अटी पाळणाऱ्या, पण वेगवेगळी उत्तरे देणाऱ्या दोन आकृत्या काढून दाखवाव्यात. तेवढे पुरते.

आता हे उदाहरण वर्गात देऊन पाहा. १२ सें.मी. × ८ सें.मी. मापाच्या कागदाच्या एका कोपऱ्यातून, कडांना समांतर छेद घेऊन, छोटा आयत कापून टाकला. उरलेल्या कागदाची परिमिती किती आणि क्षेत्रफळ किती? पहिल्याचे उत्तर ४० सें.मी. दुसऱ्याला ‘माहिती अपुरी आहे’ असे सकारण लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यायला हवेत.