शब्दकुळे – ७ : क्वेस्ट, कॉन्क्वेस्ट, इन्क्वेस्ट

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे तालुके गोव्याच्या इतिहासात ‘नव्या काबिजादीत’ मोडतात. तिसवाडी, बार्देश व सासष्टी ही जुनी काबिजाद सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या हाती गेली होती. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांकडून त्यांच्याकडे आले. पोर्तुगीज दप्तरात या मुलखाचे नाव ‘नोवास कोंकिस्तास’. त्यातला ‘कोंकिस्ता’ आणि इंग्रजीतला ‘कॉन्क्वेस्ट’ हे दोन्ही ‘क्वेरेरे’ या लॅटिन क्रियापदाचे वंशज आहेत. क्वेरेरे म्हणजे शोधणे, विचारणे, मिळवू पाहणे.

उपसर्गावाचून आलेल्या शब्दांत हे मूळ अर्थ स्पष्ट दिसतात. ‘क्वेस्ट’ म्हणजे शोध, ‘क्वेश्चन’ म्हणजे प्रश्न. लिखाणात शंकास्थळी ‘क्वेरे’, म्हणजे ‘विचार’, असा लॅटिन शेरा मारत. त्याचीच पुढे ‘क्वेरी’ झाली. उपसर्ग जोडला की धातूचे रूप बदलते आणि ‘क्वायर’, ‘क्विझिट’ किंवा ‘क्वेस्ट’ असे कानी पडते.

‘इन’ या उपसर्गाने ‘आत शिरून विचारणे’ हा अर्थ आला. साधी चौकशी ती ‘इन्क्वायरी’. संशयास्पद मृत्यूनंतर पोलीस पंचांसमक्ष करतात तो ‘इन्क्वेस्ट पंचनामा’. धर्ममतांची झडती घेणारे न्यायासन ते ‘इन्क्विझिशन’. गोव्यात ते १५६० मध्ये स्थापन झाले, १७७४ ते १७७८ या काळात बंद होते आणि १८१२ मध्ये कायमचे रद्द झाले. म्हणजे पेडणे-डिचोली पोर्तुगीज अमलाखाली आली तेव्हा ते अखेरच्या पर्वात होते. शब्दाचा मूळ अर्थ केवळ चौकशी असला, तरी या इतिहासामुळे त्याला छळाची छटा कायमची चिकटली.

‘कॉन’ म्हणजे एकत्र किंवा पुरेपूर. लॅटिनमध्ये या उपसर्गाने बनलेले क्रियापद शोधून शोधून गोळा करण्यासाठी, सैन्यभरतीसाठीही वापरत. फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत त्याचा अर्थ ‘बळाने मिळवणे, जिंकणे’ असा झाला. मराठीतल्या ‘काबिजाद’ शब्दाचे कूळ निराळे. काबीज आणि कब्जा हे दोन्ही शब्द धरून ठेवणे या अर्थाच्या अरबी धातूतून आले आहेत.

‘ॲड’ म्हणजे कडे. त्यावरून ‘ॲक्वायर’, आपल्याकडे मिळवणे. ‘री’ म्हणजे पुन्हा; त्यावरून ‘रिक्वायर’, ‘रिक्वेस्ट’ आणि ‘रिक्विझिशन’. सरकारी कागदांत या दोन शाखांतला फरक नीट कळायला हवा. पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळासाठी जमिनींचे झाले ते ‘ॲक्विझिशन’, म्हणजे भूसंपादन. त्यात मोबदला मिळतो, पण मालकी कायमची जाते. निवडणुकीच्या कामासाठी प्रशासन खासगी बस घेते ते ‘रिक्विझिशन’, म्हणजे अधिग्रहण. त्यात ताबा तात्पुरता जातो, मालकी मालकाकडेच राहते.

‘एक्स’ म्हणजे बाहेर. ‘एक्स्क्विझिट’ म्हणजे मुळात शोधून काढलेले. त्यावरून निवडक आणि पुढे अतिसुंदर. ‘पर्क्विझिट’ ही जुन्या इंग्रजी कायद्यात वारशाने न मिळता अन्य मार्गाने मिळवलेली मालमत्ता होती. आज पगाराखेरीज मिळणाऱ्या ज्या सवलतींवर आयकर खाते कर लावते, त्यांना हे नाव आहे. ‘पर्क’ हे त्याचेच आखूड रूप.

सारखा दिसणारा प्रत्येक शब्द मात्र या कुळातला नसतो. ‘क्वाएट’, ‘क्विट’ आणि निर्दोष सोडणे या अर्थाचा ‘ॲक्विट’ हे विश्रांतिवाचक लॅटिन शब्दापासून निघाले आहेत. ‘ॲक्वायर’ आणि ‘ॲक्विट’ शब्दकोशात जवळजवळ असतात, पण त्यांचे नाते नाही. म्हणून अनोळखी शब्द भेटला, तर त्याच्या अर्थात शोधणे, विचारणे किंवा मिळवणे यांपैकी काही आहे का, ते आधी पाहावे आणि मगच त्याला या कुळात घ्यावे.